एकाच मुहूर्तावर दोन स्थळं

बुधवारी सकाळी नऊ चाळीसला रूपश्री इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर होती, बसमध्ये, एका हाताने वरचा दांडा धरून लोंबकळत, आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर लागोपाठ दोन मेसेज आले. पहिला डॅनचा. 'निघालोय, सव्वादहाला पोचतो.' दुसरा फांगसाहेबांचा. 'निघालोय, सव्वादहाला पोचतो.' तिला आधी वाटलं एकच मेसेज दोनदा आलाय. मग तिने नावं वाचली, परत वाचली, आणि तिचा चेहरा असा झाला की शेजारच्या बाईने स्वतःहून उठून तिला जागा दिली.

डॅन अमेरिकेचा आणि फांगसाहेब चीनचे. आणि त्या दोघांच्या देशांचं सध्या काय चाललंय ते तुम्हाला माहीतच आहे, हा त्याचा माल अडवतो, तो ह्याची नाडी आवळतो, आणि मधल्यांनी आपलं कुठे उभं राहायचं ते ठरवत बसायचं. अशा दोन माणसांना एकाच दिवशी, एकाच कारखान्यात, एकाच वेळेला कोण बोलावतं? रूपश्रीने बोलावलं. आणि बोलावताना ती खूश पण झाली होती.

झालं होतं असं. कारखाना सुब्बारावअण्णांचा, आणि तिथला पत्रव्यवहार रूपश्रीकडे. अण्णांचं घराणं बेंगळूरमध्ये इतक्या पिढ्यांचं, की घरात मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड कधी सुरू होतं ते त्यांनाही कळत नाही. वय अडुसष्ट, स्वभाव लोण्यासारखा, पण पंचांगापुढे कुणाचं काही चालत नाही. मुहूर्त बघितल्याशिवाय अण्णा नवीन चप्पलसुद्धा घालत नाहीत. डॅनने भेट मागितली तेव्हा त्यांनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं आणि सांगितलं, बुधवार, दहा वीस ते अकरा चाळीस. रूपश्रीने तशी मेल पाठवली. चार दिवसांनी फांगसाहेबांनी भेट मागितली. अण्णांनी परत पंचांग उघडलं. आता पंधरवड्यात चांगला मुहूर्त एकच असेल तर पंचांग तरी दुसरा कुठून देणार? त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, बुधवार, दहा वीस. रूपश्रीने काय केलं, डॅनची जुनी मेल उघडली, नाव बदललं, खाली आली तर तारीख-वेळ आधीच बरोबर. एक काम वाचलं म्हणून तिने त्या दिवशी स्वतःलाच एक जास्तीची कॉफी पाजली.

ती कॉफी आता महाग पडत होती.

तर तिथे बनतं काय, तेही सांगायला हवं. श्री तुळजा मायक्रो मोटर्स. दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर जो झूंऽऽ आवाज ऐकूनच आपला अर्धा जीव जातो ना, तो आवाज इथे बनतो. अंगठ्याएवढी मोटर. त्यातल्या अर्ध्या मोटरी डॅनच्या कंपनीला अमेरिकेला जातात, अर्ध्या आपल्याच देशात विकल्या जातात. आणि प्रत्येक मोटरीच्या पोटात तांदळाएवढं एक मॅग्नेट असतं, ते येतं फांगसाहेबांच्या कंपनीकडून, कारण ते साधं मॅग्नेट नाही, ज्या खास धातूंचं ते करतात त्यांची किल्ली सध्या चीनच्या खिशात आहे.

इतकी वर्षं हे सुरळीत चाललं होतं. यंदा दोघांनी एकेक कागद पाठवला. डॅनचा कागद म्हणे, इथून पुढे तुमच्या मोटरीत चीनचं काही नसेल असं लिहून द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. फांगसाहेबांचा कागद म्हणे, आमचं मॅग्नेट घातलेली एकही मोटर अमेरिकेला जाणार नाही असं लिहून द्या, नाहीतर मॅग्नेट बंद. गोदामात मॅग्नेट होती एकोणीस दिवस पुरतील एवढी.

आणि मागच्या खोलीत विनोदकुमार होता. इंजिनियर, वय तीस, गेले सहा महिने तो साध्या, इथेच मिळणाऱ्या मॅग्नेटवर चालणारी मोटर करत होता. चालायची ती. फक्त डासासारखी गुणगुणायची आणि चार मिनिटांत इतकी तापायची की विनोद तिच्यावर स्वतःचा चहा गरम ठेवायचा. 'तीन महिने द्या,' तो म्हणायचा, 'तीन महिन्यांत हिचं तोंड बंद करतो.'

तेवढे तीन महिने रूपश्रीला हवे होते. कारण मोटरीत तार गुंडाळणाऱ्या चौतीस बायका होत्या, आणि सोमवारच्या चहाला त्यातल्या एकीने विचारलं होतं की लाइन बंद पडणार म्हणतात, खरं का, आणि चोवीस वर्षांच्या, नोकरीला लागून आठच महिने झालेल्या रूपश्रीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, 'मी बंद पडू देणार नाही.' का सांगितलं देव जाणे. पण सांगितलं ते सांगितलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी ती फाटकातून धावत आत शिरली, थेट गंगव्वाक्काकडे.

गंगव्वा वाइंडिंगच्या, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या बायकांची मुख्य. निपाणीकडची, बावन्न वर्षांची, चष्मा नाकाच्या टोकावर, केसापेक्षा बारीक तार बोटांनी ओळखणारी. रूपश्रीने एका दमात सगळं सांगितलं. गंगव्वाने हातातलं रीळ खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

'अक्का, हसू नका हो.'

'हसू नको तर काय करू गं. माज्या थोरल्या बहिणीला बघायला एकाच दिवशी दोन स्थळं आली हुती. एक गडहिंग्लजचं, एक चिकोडीचं. बाबानं दोगांला पण गुरवारच सांगितलेला.'

'मग?'

'मग काय. एकाला पुढं सोप्यात बसवलं, एकाला मागं परड्यात, गाय बगा म्हणून. दोगांला पोहे एकाच कढईतले. एवडंच ध्यानात ठेवायचं, त्याचं ह्याला दिसायला नको आणि ह्याचं त्याला. अमेरिकेचं स्थळ बसव अण्णांच्या खोलीत. चीनचं कॅन्टीनमधी. पोहे मी सांगते.'

'गाय नाही आपल्याकडे.'

'विनोद हाय की. त्याची मोटर दाखव.'

'ती नाही दाखवायची कुणालाच.'

'बरं बाई, मग भवानीचा फोटो दाखव.'

डॅन दहा वाजून बारा मिनिटांनी टॅक्सीने पुढच्या फाटकाशी आला. उंच, पन्नाशीचा, उन्हाने लाल झालेला. अण्णांनी हात जोडून त्याला खोलीत नेलं. फांगसाहेब दहा एकोणीसला आले, बुटके, नीटनेटके, हातात गरम पाण्याचा थर्मास, आणि आश्चर्य म्हणजे कोपऱ्यावरून चालत आले. इतक्या उन्हात चालत का आले हा विचार रूपश्रीच्या डोक्यात क्षणभर आला आणि गेला, कारण तिला त्यांना बाजूच्या दाराने कॅन्टीनमध्ये न्यायचं होतं. 'इकडे वारा चांगला येतो,' ती म्हणाली. फांगसाहेबांनी वर बंद पंख्याकडे बघितलं आणि मान हलवली. तिने पळत जाऊन पंखा लावला.

पुढचा एक तास तिने जो काढला तो तिचा तिलाच माहीत. पुढच्या खोलीत डॅन, मागे कॅन्टीनमध्ये फांगसाहेब, मध्ये वाइंडिंगची लांबलचक लाइन, आणि त्या लाइनमधून इकडून तिकडे रूपश्री. चौतीस बायका मान वर न करता, टेनिसचा सामना बघावा तशा नुसत्या डोळ्यांनी तिला बघत होत्या. पोह्यांची एक बशी पुढे गेली, एक मागे. डॅनने विचारलं, वर हे पांढरं काय, तिने सांगितलं खोबरं. फांगसाहेबांनी विचारलं, हे पिवळं कशाने, तिने सांगितलं हळद. घाईघाईत मग डॅनला पण हळद सांगून आली, त्याने विचारलेलंच नसताना.

पण खरा धोका डॅनही नव्हता आणि फांगसाहेबही नव्हते. खरा धोका होते अण्णा. अण्णांना कुणालाही नाही म्हणता येत नाही. त्यात मुहूर्त चांगला. अकरा वीसला ते फांगसाहेबांनाही भेटून बाहेर आले, रूपश्रीला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, 'किती सज्जन माणसं गं दोघं. ह्याच्यावर पण सही करतो, त्याच्यावर पण करतो. बिट्टाकू.' म्हणजे सोडून दे, संपव विषय.

'अण्णा, दोन्हीवर सही केली तर दोघांनाही खोटं लिहून दिल्यासारखं होईल.'

'मुहूर्तावर केलेलं खोटं होत नाही.'

'मॅग्नेट चीनचं आहे अण्णा. मोटर अमेरिकेला जाते. त्यात मुहूर्त काय करणार?'

अण्णांनी स्वल्प विचार केला. स्वल्पच. 'देव बघून घेईल. शिक्का आण जा.'

आता आपल्याकडे नुसत्या सहीला कोण विचारतं, खाली कंपनीचा गोल शिक्का लागतोच. रूपश्री शिक्का आणायला गेली तर शिक्का जागेवर नाही. ड्रॉवर बघितला, नाही. कपाट बघितलं, नाही. अण्णा स्वतः शोधायला आले, टेबलाखाली वाकले, तेव्हा त्यांच्या कमरेतून आवाज आला. डॅन पण वाकला. तो मदतीला वाकला होता, पण काय शोधायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अकरा पस्तीस. अकरा अडतीस. रूपश्री वाइंडिंगकडे धावली, आणि बघते तर गंगव्वाक्का अगदी शांतपणे तार गुंडाळत बसलेली, आणि तिच्या कनवटीला काहीतरी गोल फुगलेलं.

'अक्का.'

'किती वाजलं?'

'अकरा चाळीस.'

'मग घे,' म्हणून तिने शिक्का काढून दिला.

रूपश्री शिक्का घेऊन खोलीत पोचली तेव्हा अण्णा घड्याळाकडे बघत उभे होते, लग्नाची बस चुकलेल्या माणसासारखे. 'गेला मुहूर्त,' ते म्हणाले. 'आणि बारापासून राहुकाळ. आता दीडशिवाय काही नाही.'

डॅनने विचारलं, राहुकाळ म्हणजे काय. रूपश्रीने सांगितलं, एक ग्रह आहे, दिसत नाही, पण दर बुधवारी बारा ते दीड आम्ही नवीन काही सुरू करत नाही.

'सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तसं?'

'अगदी तसं.'

'रोज असतो?'

'रोज. पण वेळ बदलते.'

डॅनने हे वहीत लिहून घेतलं. फांगसाहेबांना तर समजवावंही लागलं नाही. 'माझी आई पण बघते,' ते म्हणाले. 'आज तिने घर बदलायला चांगला दिवस सांगितलाय. सहीबद्दल काही बोलली नाही.'

बारा वाजले. दीड तास हाती आला. रूपश्री वाइंडिंगच्या टोकाला एका स्टुलावर बसली, दोन्ही कागद मांडीवर, आणि तिला रडू येणार असं वाटायला लागलं. दीडनंतर काय? शिक्का दुसऱ्यांदा हरवता येणार नव्हता.

'अक्का, तुमच्या बहिणीचं पुढे काय झालं?'

'काय झालं म्हंजे?'

'दोघांना बसवलं, पोहे दिले. पण शेवटी उत्तर द्यावं लागलं असेल ना.'

गंगव्वाने चष्मा वर केला. 'उत्तर कशाला द्याचं? आजी माजी दोगांला इचारत बसली. तुमचं कुळ कुठलं, मामा कुठला, शेताला पाणी कुठनं येतं, त्यो मामा पाणी देतो का भांडतो. आता ह्याचं उत्तर नवऱ्या मुलाकडं असतंय व्हय? घरी इचारून सांगतो म्हणाले दोगंबी, नि गेले. ताईची बारावी झाली तवर. तिला शिकायचं हुतं.'

'आणि मग?'

'मग तिसऱ्याच ठिकाणी दिली. पण स्वतः मास्तरीण होऊन गेली.' गंगव्वा परत तारेकडे वळली. 'मुलीकडच्यानं उत्तर द्याचं नसतंय पोरी. इचारायचं असतंय.'

रूपश्रीने कागद उघडले. खरं सांगायचं तर तोवर तिने दोन्ही कागदांत सही कुठे करायची तेवढंच बघितलेलं. आता पहिल्यापासून वाचायला लागली. डॅनचा कागद अकरा पानी. नवव्या पानावर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात: कोणत्याही अटीच्या अर्थाविषयी शंका असल्यास लेखी विचारावी, उत्तर मिळेपर्यंत आधीचा करार लागू राहील. तिने ते बोटाने दाबून धरलं, उडून जाईल अशा भीतीने. मग फांगसाहेबांचा कागद. चौदा पानी. बाराव्या पानावर जवळपास तेच वाक्य. एकाच वकिलाने दोघांना लिहून दिल्यासारखं.

पुढचा तास तिने पेन खाली ठेवलं नाही. बायकांनी मदत केली. विनोद मागून येऊन दोन प्रश्न देऊन गेला.

मध्ये एकदाच पेन थांबलं. एकच्या सुमाराला जेवणं झाली, अण्णांच्या खोलीत डॅनचं, कॅन्टीनमध्ये फांगसाहेबांचं, आणि हात धुवायची जागा कारखान्यात एकच. रूपश्रीने मान वर केली तर दोघं शेजारी शेजारी नळाशी. ती स्टुलावरून अर्धी उठली. पण दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. डॅनने साबण वापरला आणि न बघताच शेजारी सरकवला, फांगसाहेबांनी न बघताच घेतला, आणि दोघं आपापल्या दिशेने निघून गेले. वाचलो, ती मनात म्हणाली. तुळजाभवानी पावली.

दीड वाजून एक मिनिटाने ती डॅनसमोर बसली. अण्णा शेजारी.

'आम्हाला तुमची अट मान्य करायची की नाही हे ठरवायचं आहे,' ती म्हणाली, 'पण अट नीट कळायला हवी. चीनचं काही नको, म्हणजे किती काही?'

'काहीच नको.'

'तारेचं तांबं चीनचं नाही. पण तारेवरच्या लाखेत एक पूड असते, ती तिकडून येते. ती चालेल?'

डॅनने वही उघडली. 'विचारावं लागेल.'

'तार ज्या यंत्रावर गुंडाळतो ते सोळा वर्षांपूर्वी तिकडून आणलंय. त्यावर गुंडाळलेली तार चीनची धरायची का आमची?'

'विचारावं लागेल.'

'आमच्या गंगव्वाक्कांचा चष्मा तिकडचा आहे. त्या चष्म्याशिवाय त्यांना तार दिसत नाही.'

डॅनने काचेतून वाइंडिंगकडे बघितलं. गंगव्वाने तिथून चष्मा काढून हवेत हलवला. 'हे,' डॅन म्हणाला, 'नक्की विचारावं लागेल.'

असे नऊ प्रश्न. अण्णांना सही करायची हौस होतीच, त्यांनी प्रश्नांच्या पत्रावर झोकात सही केली, खाली शिक्का मारला, आणि डॅनने ते पत्र घडी करून खिशात ठेवलं. तो रागावलेला वाटेना. उलट कुणीतरी त्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिल्यासारखा दिसत होता.

मग कॅन्टीन. फांगसाहेब थर्मासातलं पाणी पीत ताठ बसलेले.

'हुबळीच्या एका डॉक्टरने आमची मोटर असलेलं ड्रिल घेतलं,' रूपश्री म्हणाली. 'पुढे दवाखाना बंद केला आणि मुलाकडे अमेरिकेला राहायला गेला. जाताना ड्रिल बॅगेत घातलं. आम्ही वचन मोडलं का?'

फांगसाहेबांनी पेन काढलं. 'पुढचा?'

'एक अमेरिकन माणूस इथे बेंगळूरला येऊन रूट कॅनाल करून घेतो. तिकडे महाग असतं म्हणून. आमच्या मोटरीने दात कोरला. मोटर इथेच राहिली. पण दात अमेरिकेला गेला.'

त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. पंखा फिरत होता. 'रूट कॅनाल एकाच भेटीत होतं,' त्यांनी शेवटी विचारलं, 'का दोन भेटी लागतात?'

'बहुतेक तीन.'

'तेही लिहा. वरिष्ठ नक्की विचारतील.'

सात प्रश्न झाले. सही, शिक्का. फांगसाहेबांनी पत्र एका प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, पाकीट फाइलमध्ये, फाइल बॅगेत. 'उत्तर येईपर्यंत जुना कागद,' ते म्हणाले. 'मॅग्नेट येत राहतील. आमच्याकडे उत्तराला वेळ लागतो. तीन खात्यांतून जातं.'

'किती वेळ?'

'प्रश्न चांगले आहेत,' ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. 'खूप वेळ.'

रूपश्री उडी मारायचीच बाकी होती. आता फक्त दोघांना वेगवेगळ्या फाटकांतून बाहेर काढायचं. तिने फोन काढला आणि फांगसाहेबांना म्हणाली, 'तुमच्यासाठी टॅक्सी बोलावते. मागच्या रस्त्यावर.'

'कशाला?' फांगसाहेब म्हणाले. 'टॅक्सी आहे की. डॅनने थांबवून ठेवलीय.'

रूपश्रीच्या हातातला फोन तसाच राहिला.

'सकाळी हॉटेलबाहेर टॅक्सी एकच मिळाली,' फांगसाहेब शांतपणे सांगत होते. 'बेळ्ळंदूरला एवढा ट्रॅफिक, दुसरीची वाट कोण बघणार. मी कोपऱ्यावर उतरलो. आम्हाला एकमेकांना भेटायची परवानगी नाही. त्यालाही नाही.'

'पण तुम्ही एकमेकांना...'

'चार महिने झाले. तो जिथे जिथे जातो, तिथेच मला पण जावं लागतं. कोइंबतूरला एका ठिकाणी मला दोन तास सुताच्या पोत्यांवर बसवलेलं. तुम्ही पंखा लावलात.'

पुढच्या फाटकाशी डॅन टॅक्सीला टेकून उभा होता. फांगसाहेबांना येताना बघून त्याने विचारलं, 'किती?'

'सात.'

'मला नऊ,' डॅन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

फांगसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी रूपश्रीकडे वळून बघितलं. 'त्याला दोन जास्त का?'

'त्यांचे सोपे होते,' रूपश्री घाईने म्हणाली. 'तुमचे अवघड.'

'सोपे नव्हते,' डॅन म्हणाला. 'चष्म्याचा प्रश्न आहे त्यात.'

'माझ्यात दाताचा आहे.'

'मला पोह्यांवर खोबरं होतं.'

'मला पण होतं. आणि केळं.'

 डॅनने सरळ रूपश्रीला विचारलं, 'केळं होतं?'

तिने एका पोरीला खुणावलं आणि दोन केळी आणवली. एक दिलं असतं तर हिशेब बरोबर झाला असता, पण घाईत दोन आली, डॅनने दोन्ही घेतली, आणि आता फांगसाहेब त्या दोन केळ्यांकडे बघायला लागले. तेवढ्यात अण्णा बाहेर आले, दोन्ही हातांत एकेक सोललेला नारळ, शेंडी वर ठेवून, पाहुण्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून. एक नारळ जरा मोठा होता, एक जरा लहान. दोन्ही पाहुण्यांच्या नजरा मोठ्याकडे गेल्या. रूपश्रीने डोळे मिटले.

आणि गंगव्वा लाइन सोडून बाहेर आली. तिने दोन्ही नारळ अण्णांच्या हातातून काढून घेतले.

'अण्णा, हे काय करालाय? नारळ दिला म्हंजे ठरलं की. अजून ठरलंय कुटं?'

'पाहुणे आहेत गं.'

'पाहुणेच हाईत. पाहुण्याला चिवडा द्याचा. नारळ सोयऱ्याला.'

अण्णा ओशाळून हसले. चिवड्याच्या दोन पिशव्या आल्या, गंगव्वाने त्या दोघांच्या देखत तराजूवर मोजून भरल्या, तारेचं वजन करायच्या त्या बारीक तराजूवर, दोन्हीकडे काटा एकाच रेषेवर येईपर्यंत एकेक शेंगदाणा इकडचा तिकडे करत. डॅन आणि फांगसाहेब वाकून काटा बघत होते. मग दोघं टॅक्सीत बसले, हा पुढे, तो मागे, आणि कोपऱ्यावर वळताना रूपश्रीला दिसलं की पुढच्याने एक केळं मागे दिलं.

'तर?' गंगव्वाने विचारलं.

'जुनंच चालू,' रूपश्री म्हणाली. 'उत्तर येईपर्यंत.'

आत कुणीतरी ऐकलं असावं, कारण यंत्रांच्या आवाजावरून बायकांचा एकदम गलका उठला, आणि गंगव्वा त्यांच्यावर डाफरायला आत गेली.

दोन्ही नारळ भवानीच्या फोटोखालच्या फळीवर ठेवले. डॅनचं उत्तर पंचाहत्तराव्या दिवशी आलं, त्यात नऊपैकी तीन प्रश्नांची उत्तरं होती आणि चार नवे प्रश्न, त्यातले दोन चष्म्याच्या काचेबद्दल. फांगसाहेबांकडून निरोप आला की दाताचा प्रश्न दुसऱ्या खात्याकडे गेलाय. आणि शहाऐंशीव्या दिवशी दुपारी विनोदकुमार मागच्या खोलीतून बाहेर आला, काही न बोलता मोटर रूपश्रीच्या तळहातावर ठेवली आणि बटण दाबलं. तिला वाटलं चालूच झाली नाही. मग हाताला कळलं. फिरत होती, थंड होती आणि गप्प होती.

अण्णांनी पंचांग बघितलं, चार वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त काढला आणि त्या मोटरीसमोर एक नारळ फोडला. लहान होता तो. खोबऱ्याचे तुकडे चौतीस बायकांना पुरले नाहीत, म्हणून कुणीतरी दुसरा पण फोडा म्हणालं. गंगव्वाने तो उचलून परत फळीवर ठेवला.

'तो कुणाचा ते अजून कळवायचं हाय,' ती म्हणाली.